नाल्याकाठी बाग करा, पण भराव टाकू नका

आज बैठकीत नाल्यालगतच्या राखीव पट्ट्यावरच्या बागेचा नकाशा दाखवला. लॉन, गझिबो, चारी बाजूंनी कंपाउंड वॉल. तळमजल्यावरच्या एका काकूंनी एवढंच विचारलं, "आणि पाणी कुठं जाणार?" कुणीही उत्तर दिलं नाही. संताप झाला, म्हणून लिहितोय.

नवी मुंबईत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. आपले सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणूनच शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव, म्हणजे पावसाचं पाणी साठवून धरणारे तलाव, केले. त्यांच्या तोंडाशी फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणारं झाकण असतं; भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटतं, ओहोटीला उघडतं. मधल्या तासांत पडेल तेवढा पाऊस नाल्यात आणि तलावात मावलाच पाहिजे. १ हेक्टर पट्ट्यावर १ मीटर भराव टाकला की १ कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी काकूंच्या घरात शिरणार, दुसरीकडे कुठे?

मुलांना खेळायला जागा नाही, हे मान्य. बाग दोन टप्प्यांत करा; घसरगुंडी, झोपाळे वरच्या टप्प्यावर घ्या ना! खालचा टप्पा बुडणार हे धरूनच बांधायचा. काठाला १ मीटर उंचीमागे किमान ३ मीटर आडवा उतार द्या, म्हणजे माती धरून राहते आणि घसरलेलं पोर चढून वर येतं. उतारावर वाळा लावा. झाडं करंज, अर्जुन, जांभूळ अशी, पाय पाण्यात राहिले तरी तगणारी. खाली पेव्हर ब्लॉक अजिबात नकोत; पाणी ओसरताना खालची वाळू ओढून नेतं आणि ब्लॉक खचतात. बाकं काँक्रीटच्या पायात पक्की करा. विजेचं पॅनल पुराच्या पातळीच्या वर, आणि दिव्यांच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच. यात पैसे वाचवू नका, माणसं जातात. भिंतीऐवजी रेलिंग घ्या, तेही खालून मोकळं, नाहीतर प्लास्टिक अडकून त्याचंच धरण होतं.

नकाशात पोकलेन उतरायला रॅम्पच नाही! ४ मीटर रुंद रॅम्प नसेल तर गाळ काढणार कसा? काढलेला काठावर टाकला तर पहिल्याच सरीत परत आत. शिवाय नाल्यात सोडलेली सांडपाण्याची कनेक्शनं आधी तोडा, नाहीतर उन्हाळ्यात तिथे कुणी नाक धरूनही बसणार नाही. तळाला सलग उतार हवा, म्हणजे दोन-तीन दिवसांत पाणी निघून जातं आणि डासांची पैदास होत नाही.

मला बाग हवी आहे, मनापासून. नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबईत धारण तलाव राखून त्याच्या कडेने लोक फिरतात, ते बघून बरं वाटतं. आपल्याकडेही होईल. फक्त पुढच्या बैठकीला या आणि दोनच गोष्टी लेखी मागा: नाल्याच्या तळाची आजची आणि कामानंतरची पातळी, आणि रॅम्पची जागा. त्या मिळेपर्यंत मंजुरीवर सही करू नका.