1986च्या नेट-कोंडीवरच्या माझ्या पोस्टबद्दल खुलासा

ऑक्टोबर 1986मध्ये अमेरिकेतल्या बर्कले इथलं इंटरनेट लाइन तुटल्यामुळे कोलमडलं, असं मी परवा लिहिलं होतं. ती पोस्ट बरीच फिरतेय. चूक माझीच, लाइन शाबूत होती. नेटवर्क-संशोधक व्हॅन जेकबसन यांचा या कोंडीवरचा 1988चा लेख आता नीट वाचला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा ते विद्यापीठ, अंतर जेमतेम 400 यार्ड, आणि वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून थेट 40 बिटांवर! पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) मिळाल्याची पोच वेळेत आली नाही की पाठवणारं मशीन तेच पॅकेट पुन्हा रेटायचं. तुंबलेल्या चौकात आणखी गाड्या घुसवाव्यात तसं. उपाय नव्या तारेचा नव्हता. पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यायचा, मग हळूहळू वेग वाढवायचा. जुनी पोस्ट मी काढलीये. कृपया ती पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.