खुलासा: दारूने हिरड्यांचे जंतू मरत नाहीत

‘रात्री एक पेग घेतला की तोंडातले जंतू मरतात, हिरड्या घट्ट राहतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

जंतुनाशक म्हणून अल्कोहोल साधारण 60 ते 90 टक्के तीव्रतेचं लागतं. बिअरमध्ये ते 5 टक्क्यांच्या आसपास असतं, वाइनमध्ये 12, व्हिस्की-रममध्ये 40 च्या वर थोडंसं. तेही घोटाबरोबर काही सेकंदांत घशाखाली जातं. हिरडीच्या कडेला नखाने खरवडलं तर जो पांढरट, चिकट थर निघतो, त्यात जंतू एकमेकांना धरून बसलेले असतात. तो थर ब्रशने घासूनच निघतो, घोटाने नाही.

उलट नुकसानच जास्त. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, तोंड कोरडं पडतं. जंतूंना आवरणारी लाळच आटली, की त्यांना रान मोकळं. नेहमीच्या जास्त पिण्याने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात. यकृत बिघडलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही आणि हिरड्यांतून ते जास्त येतं. जास्त पिणाऱ्यांमध्ये हिरड्यांचा आजार अधिक आढळतो. त्यातले बरेच जण सिगारेटही ओढतात, त्यामुळे सगळा दोष एकट्या दारूवर टाकता येत नाही, हेही खरं.

‘मग माउथवॉशमध्ये अल्कोहोल कशाला?’ बऱ्याचदा इतर घटक विरघळावेत म्हणून. अल्कोहोल नसलेले माउथवॉशही चालतात.

दारू लावल्यावर दुखणं थांबतं म्हणता? बधिरपणा तो, थोड्या वेळात ओसरतो. रक्त येतच राहिलं तर दंतवैद्याला दाखवा.