'होडी की स्पोर्ट्स कार' या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पन्नाशीत एकच मोठा शौक करायचा तर आपल्या भागात स्पोर्ट्स कारपेक्षा होडी बरी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ती जशीच्या तशी देतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी सोयीचं तेवढं उचललं: "पन्नाशी आली की माणसाला असली खुळं सुचतात. होडी आठ महिने अंगणात सडणार, गाडी निदान रोज काढता येते, आणि आता समृद्धी आहे. लेखकाला गाडीतलं कळत नाही म्हणून होडीची तारीफ चालली आहे. त्यापेक्षा ट्रॅक्टर घ्या."

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'खुळं' काहून म्हणता? पोरांची शिक्षणं, लेकीचं लग्न, विहिरीचं कर्ज उरकून ज्या माणसानं पहिल्यांदा स्वतःसाठी काही घ्यायचं मनात आणलं, त्याला वेड्यात काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझ्या लेखाखाली प्रश्न विचारणारे बहुतेक असेच आहेत, पवनी-लाखांदूरकडचे धान पिकवणारे लोक. त्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली असेल याचं मला वाईट वाटलं.

आणि 'गाडीतलं कळत नाही' हे तर तुम्ही नावही न घालता लिहिलंत. गॅरेज हा माझा धंदा आहे. माझी उमर गाड्यांच्या पोटाखाली गेली, होडीची इंजिनं मी मागाहून शिकलो. दोन्ही उघडून जोडणारा माणूस बोलतो आहे, एवढं धरून पुढचं वाचा.

तुमची एक बाजू मान्य करतो. जुनी गाडी विकायला सोपी जाते, होडीला आपल्याकडे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं.

आता 'आठ महिने सडणार'. महिने कमी-जास्त धरा, होडी बराच काळ पाण्याबाहेर राहते हे खरंच आहे. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडे असतात, त्या ओढीत होडी घालायचीच नाही. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर मार्च. पुढे पाणी उतरतं आणि बुडालेल्या झाडांची खुंटं वीतभर पाण्याखाली येऊन बसतात, प्रोपेलर तिथंच मोडतो. पण उभी आहे म्हणून होडी सडत नाही. आत काय ठेवून ती उभी केली, त्यावर सगळं आहे.

पहिला शत्रू टाकीतलं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ती प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, हे जास्त घातक, कारण त्या थरात तेल मिसळत नाही. इंजिन सुरू होतं, तेलाविना फिरतं आणि पिस्टन घासला जातो. मग लोक कंपनीला शिव्या घालतात. पेट्रोल-तेलाचं मिश्रण लागेल तेवढंच करा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल, पाच लिटरला १००. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं हवं. मोटरसायकलचं टू-टी तेल जळताना राख सोडतं, आणि पाण्यानं थंड राहणाऱ्या इंजिनात त्यानं प्लग धरतात.

हंगाम संपला की होडीच्या मागे अडकवलेलं इंजिन काढून पाणी भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये उभं करा. पाणी प्रोपेलरवरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या. कोरडं एक मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपातलं रबराचं इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, तेवढ्यात करपतं. मागून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, ते बघत राहा. मग पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. त्यानंतरही कार्बोरेटरच्या वाटीत थोडं उरतंच, ते खालचा स्क्रू सैल करून काढा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि दोरी दोन-तीनदा ओढा.

शेवटी गियर ऑइल. ते काढायला आधी खालचा स्क्रू उघडा, मग वरचा. तेल दुधाळ निघालं तर पाणी आत येऊ न देणारं सील गेलं म्हणून समजा, आणि आपल्या जलाशयात ते बहुधा जाळ्याच्या दोऱ्यानं जातं. दोरा प्रोपेलरमागे शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. प्रोपेलर काढून तिथं बोट फिरवा, दोरा हाताला लागतो. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईस्तोवर, म्हणजे आत हवा राहत नाही. मग आधी वरचा स्क्रू बसवायचा, त्यानंतर खालचा. वॉशर नवे घ्या. इंजिन उभंच टांगा, आडवं ठेवलं तर उरलेलं पाणी वर चढतं.

होडी विटांवर उलटी ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. फायबरची असेल तर मागच्या फळीवर, जिथं इंजिन अडकवता तिथं, हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. टणक वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर बोल्टच्या भोकांतून आतल्या प्लायवूडला ओल लागली आहे. ही भोकं पॉलियुरेथेन सीलंटनं बंद केलेली होडी सडलेली मी तरी बघितली नाही.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. याला तुम्ही सडणं म्हणता!

आता 'गाडी रोज काढता येते' हे घ्या. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, रस्ता सिमेंटचा आहे, कबूल. पण समृद्धी तुमच्या दारातून निघते का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या माथ्यावर आली की पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटीमीटर उंचवटा येतो. जमिनीपासून अकरा-बारा सेंटीमीटरवर पोट असलेली टू-सीटर त्यावरून सहज जाते. गावातला गतिरोधक मात्र हातभर रुंद आणि वीतभर उंच. पुढची आणि मागची चाकं सपाटीवर, आणि सगळी उंची पोटाखाली. खालचं कव्हर फाटतं, मग एक्झॉस्ट घासतो. तिरपी काढली तर कधी निभतं, पण समोरून धानाची ट्रॉली येत असताना तिरपी काढायला जागा कुठे आहे?

त्यात काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा करते. स्पोर्ट्स कारच्या ३५ सिरीजच्या, म्हणजे बुटक्या टायरची भिंत नऊ-दहा सेंटीमीटरचीच. खड्ड्याच्या कडेवर आपटली की आतली दोरी तुटते आणि बाजूला टेंगूळ येतं. त्याला पंक्चर काढणारा काही करू शकत नाही, टायर टाकावंच लागतं. असं झालं की गाडी शेडमध्ये जाते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. तुमची 'रोज निघणारी' गाडी ही अशी असते, आणि ती माझ्याकडेच दुरुस्तीला येते.

ट्रॅक्टरचं म्हणाल, तर ज्याला तो लागतो त्याच्या दारात तो आधीच उभा आहे.

होडीच्या बाजूनं खरा अडथळा एकच आहे, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत नाही: परवानगी. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेचा, आणि इंजिनाच्या होडीला २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टखाली नोंदणीचा प्रश्न. पैसे देण्याआधी विभागाच्या कार्यालयात जा, मग संस्थेच्या ढिवर बांधवांना भेटा. जाळी कुठे लावतात ते त्यांना विचारल्याशिवाय इंजिन पाण्यात उतरवू नका.

पुढच्या वेळी आकडे घेऊन लिहा, आणि खाली नाव घाला. तसं उत्तर द्यायला मला आनंदच होईल.