पोर लहान आहे, पण विसरत नाही

"लहान आहे, विसरून जाईल." घरावर घाला पडला की मुलाबद्दल हे वाक्य कुणीतरी बोलतंच. दहाव्याला तर आणखी पुढची पायरी, "रडायचं नाही बाळा, आता तूच घरचा कर्ता." आणि समोर उभं असतं सात वर्षांचं लेकरू! मला या बोलण्याचा संताप येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अपघातात त्याच्या डोळ्यांदेखत गेले. मोटारसायकलवर तो पुढे टाकीवर बसला होता, त्याला फक्त खरचटलं. "पोरगं वाचलं, देवाची कृपा," म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आता रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत गेला की तो पाय वर घेऊन बाकावर आक्रसून बसतो. चित्रकलेच्या तासाला काहीही काढायला सांगा, आडवी पडलेली गाडीच काढतो, दरवेळी तीच. मधल्या सुट्टीत खडूचे डबे एकमेकांवर आपटत राहतो, आणि त्या खेळात हसू नसतं. घरी अंथरूण ओलं होतं. आजी रोज दृष्ट काढते. काढू द्या, तिच्या हातात माया आहे. पण तेवढ्यावर थांबू नका.

याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर न सुटणारा ताण. धोका टळलाय हे शरीराला पटतच नाही. मोठी माणसं निदान बोलून दाखवतात. मूल खेळातून, पोटदुखीतून, चिडचिडीतून सांगतं आणि आपण त्याला वाह्यात, ढ, हट्टी ठरवतो. अभ्यासात लक्ष नाही म्हणून मार खाणाऱ्या मुलांत अशी किती असतील, या विचाराने माझा जीव तुटतो. त्यात काही मुलं मनातल्या मनात स्वतःलाच दोषी धरतात. 'मी खाऊसाठी हट्ट केला म्हणून पप्पा त्या रस्त्याने गेले.' हे ती आपण होऊन सांगत नाहीत.

आपल्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांना हे पटवून द्यायला नको. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने दगडमातीच्या भिंती माळवदासकट अंगावर आल्या. तेव्हाची बालवाडीतली पोरं आज चाळिशीला टेकलीत. त्यांतली एक माझी सहकारी. आतून कडी लावली की तिला अजून झोप लागत नाही. पंचनामे घरांचे झाले, जनावरांचे झाले. तिची झोप कुणी विचारली?

अमेरिकेत चाउचिला गावी १९७६ साली शाळेच्या बसमधली २६ मुलं पळवून जमिनीखाली पुरलेल्या ट्रकमध्ये कोंडली होती. सगळी जिवंत सुटली. चार-पाच वर्षांनी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लेनोर टेर यांनी त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा भेटलेल्या प्रत्येक मुलात त्या घटनेच्या खुणा शिल्लक होत्या.

म्हणून सगळीच मुलं कायमची खचतात असं नाही. मायेचं माणूस जवळ असलं, शाळा-जेवण-झोप वेळेवर सुरू झाली, तर बहुतेक मुलं सावरतात. पण महिना उलटूनही दचकणं, वाईट स्वप्नं, गप्प बसणं चालूच असेल तर मदत घ्यायलाच हवी. उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक मुलाला त्याच्या गतीने, घरच्या माणसाला सोबत घेऊन, ती घटना सांगायला शिकवतात. घाई नाही, उलटतपासणी नाही. आपल्याकडे मात्र पाहुणा आला की "सांग रे काय झालं होतं" म्हणून पोराला पुढे करतात, आणि दरड कोसळली की कॅमेरेवाले थेट त्याच्या तोंडापुढे माईक धरतात. हे कृपा करून थांबवा.

त्याने विचारलं तर खरं सांगा, 'पप्पा गावाला गेलेत' असं खोटं नको. रडू द्या, जवळ घ्या. शिक्षक मंडळींनो, अशा मुलाला दाराजवळची जागा द्या आणि मोठा आवाज होणार असेल तर आधी कानावर घाला.

तालुक्याला मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत, ही रड खरी आहे आणि ती आपण ग्रामसभेपासून आमदारांपर्यंत लावून धरली पाहिजे. तोवर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. फोन आई-वडिलांनीच करायला हवा असं नाही. मामाने, काकूने, वर्गशिक्षिकेने केला तरी चालतो.