राजीनाम्याला वर्ष का लागलं?

ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसमधले स्टाफ सेक्रेटरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडे जाणारी कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी, रॉब पोर्टर यांच्यावरचा लेख वाचला. त्यांचं हार्वर्डमधलं शिक्षण, सिनेटर ऑरिन हॅच यांच्या कार्यालयातलं काम, व्हाइट हाउसमधला दबदबा, सगळं त्यात आलंय. मला खटकतं ते वेगळंच. त्यांच्या दोन्ही माजी पत्नींनी छळाची हकिगत एफबीआयला जानेवारी २०१७ मध्येच सांगितली होती. तरी गोपनीय माहिती हाताळण्याची कायमची सुरक्षा मंजुरी नसताना राष्ट्राध्यक्षांपुढे जाणारा कागद न् कागद याच माणसाच्या हातून जात राहिला! पहिल्या पत्नीचा काळानिळा डोळा दिसणारा फोटो छापून आला तेव्हा कुठे, फेब्रुवारी २०१८ मध्ये, राजीनामा. पोर्टर यांनी आरोप नाकारले, तो त्यांचा हक्क. पण व्हाइट हाउसचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जॉन केली यांनी आधी त्यांना सचोटीचं प्रमाणपत्र देऊन टाकलं. ते वाचून त्या दोघींना काय वाटलं असेल, या विचाराने अजून संताप होतो.