कॅम चेनच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार दादा, कमेंट दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला होता. तुमचं म्हणणं असं की होंडा सीबी 750 या जुन्या मोटरसायकलची कॅम चेन (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्यावरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी चेन) कशी टाइट करायची यावर एवढी लांबलचक पोस्ट टाकली पण त्यातलं "बोल्ट आवळून चेन टाइट करा" हे मेन वाक्यच चुकलंय. आणि दुसरं, हे काम गाडी स्लोवर चालू ठेवूनच करायचं असतं, तुमचे मिस्त्री तीस वर्षं तसंच करतात, बंद इंजिनवर करणं म्हणजे पुस्तकी कारभार.

पहिल्या मुद्द्यावर सपशेल शरणागती. बोल्टाने चेन टाइट होतच नाही. ब्लॉकच्या मागे, कार्बोरेटरच्या खाली टेंशनर असतो, त्यातला स्प्रिंगवरचा रॉड आतल्या पट्टीला ढकलतो आणि पट्टी चेनला. बोल्टाचं काम एवढंच की रॉड जिथे आहे तिथे त्याला धरून ठेवायचं. म्हणजे लॉकनट सोडला, बोल्ट ढिला केला की स्प्रिंग आपलं आपण बघून घेते, मग परत आवळायचं. माझं वाक्य वाचून कुणी "अजून थोडा, अजून थोडा" करत आवळत बसला असता तर चेन होती तशीच राहिली असती आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले असते. पोस्ट दुरुस्त केलीये, चुकलेलं वाक्य खोडून तिथेच ठेवलंय.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र पटलं नाही, आणि मिस्त्रींच्या हाताबद्दल काडीची शंका न घेता सांगतो. या इंजिनात क्रँक पुढच्या बाजूने चेन खाली ओढतो, त्यामुळे पुढची बाजू ताठ आणि मागची सैल, म्हणून तर होंडाने टेंशनर मागे ठेवला. पण इंजिन चालू असताना असं कायम राहत नाही ना. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते, बंद होताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, चार सिलिंडर म्हणजे हे सतत चालू, आणि चेनचा सैलपणा क्षणात मागे क्षणात पुढे. रॉड त्या वेळी आत-बाहेर नाचत असतो. अशात बोल्ट आवळला तर तो नेमका कुठल्या क्षणी पकडला हे तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. कधी छान बसेल, कधी चेन उगाच ताणून बसेल आणि पट्टी खात राहील. ढिल्या चेनचा आवाज गेला म्हणजे बरोबर बसली असं नसतं, जास्त ताणलेली चेन पण गप्पच असते.

होंडाच्या मॅन्युअलची पद्धत बंद इंजिनवरचीच आहे. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर (व्हॉल्व्ह बंद, पिस्टन वर येताना) घ्यायचा, पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचच्या) खिडकीत टी 1.4 ची खूण (1 आणि 4 नंबरचे पिस्टन अगदी वर) जुळवायची आणि तिथून साधारण 15 अंश पुढे जायचं, म्हणजे अ‍ॅडव्हान्सरच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगची खुंटी खुणेच्या लगेच उजवीकडे दिसते. तिथे चेनचा सगळा ढिलेपणा मागे येतो. चारही प्लग काढून ठेवा, मग हाताला क्रँक लोण्यासारखा फिरतो. आणि क्रँक फिरवायला पाना मोठ्या षटकोनी वॉशरलाच, 23 मिमीचा, मधल्या बारक्या बोल्टाला लावाल तर तो तुटेल आणि शिव्या मला पडतील.

आता मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो, पोस्टमध्ये लाजून लिहिलं नव्हतं. माझी 1972 ची के-टू (सीबी 750 चंच एक मॉडेल) आहे, इथे मिशिगनला जानेवारीत गॅरेजमध्ये बोटं बधिर झालेली, खुंटी खुणेच्या जरा जास्तच पुढे गेली. मी काय केलं, पाना चार अंश उलटा फिरवून खूण बरोबर जुळवली, बोल्ट सोडला, आवळला, खूश. गाडी चालू केली तर आधीपेक्षा जास्त खळखळ! उलटा फिरवल्यामुळे मागची बाजू ताठ झाली होती, टेंशनरला वाटलं चेन टाइटच आहे, तो जागचा हललाच नाही. त्यामुळे खूण हुकली तर मागे यायचं नाही, सरळ अजून दोन फेरे मारून परत तिथे यायचं, कंटाळा आला तरी.

तुम्ही लिहिलंय की मामांनी बोटीवरून आणलेल्या तुमच्या 750 ला दोनदा अ‍ॅडजस्ट करूनही स्लोवर खडखड आहेच. बोल्ट सोडल्यावर रॉड खरंच सरकतो का हे बघितलंत का? जुन्या गाड्यांत तो गंजून अडकतो, मग बोल्ट कितीही वेळा सोडा-आवळा, काही होत नाही. तो मोकळा असेल तर चारही कार्बोरेटर सिंक करून (चौघांची ओढ सारखी करून) बघा. या गाडीत ते बिघडले की स्लोवर प्रायमरी चेन (क्रँककडून क्लचकडे जाणारी) आणि क्लच असे खडखडतात की कुणीही कॅम चेनच समजेल, मी पण समजलो होतो. थोडी रेस दिल्यावर तुमचा आवाज जातो की वाढतो? तेवढं कळवा, आणि जमलं तर पॉइंट कव्हर काढून एक फोटो टाका.