चौथऱ्यांचं काय करायचं?

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. डावीकडे बर्लिनचा राजवाडा, नुकता घासूनपुसून ठेवल्यासारखा. उजवीकडे रायगडावरचे चौथरे, तेही मुद्दाम मळभ असलेल्या दिवशीचे. खाली ओळ : 'त्यांनी शून्यातून उभा केला, आपण दगड मोजत बसलोय. राजवाडा जसाच्या तसा बांधा.' मी हरकत घेतली. लगेच उत्तर आलं, 'मावशी, तुझं काय जातंय? तू तिथे राहतेस.'

आठवडाभर रिंगबानमध्ये, म्हणजे बर्लिनला गोल फेरी मारणाऱ्या लोकलमध्ये बसून मी या 'काय जातंय'ला मनातल्या मनात उत्तरं देतेय.

आधी त्याच्या डावीकडच्या फोटोबद्दल. युद्धात जळालेला मूळ राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० साली सुरुंग लावून पाडला. त्या जागी १९७६ मध्ये त्यांचा प्रजासत्ताक-महाल आला. आत संसदेचं सभागृह, उपाहारगृहं, अगदी बोलिंगसुद्धा. देश एक झाल्यावर तोही उतरवला, २००६ ते २००८. मग ६८ कोटी युरोंहून जास्त खर्चून पुन्हा राजवाडा. तीन बाजू जुन्यासारख्या, स्प्री नदीकडची सपाट, आजची. आत सरकते जिने आणि संग्रहालय. माझ्या ऑफिसात पूर्व बर्लिनची एक बाई आहे, ती तरुणपणी त्या महालात नाचायला जायची. आता ती त्या चौकातून जाताना मोबाइलमध्ये बघते. राजवाडा शून्यातून नाही उभा राहिला, कुणाच्या तरी आठवणी काढून टाकून त्या जागेवर राहिला. आमचे पुण्याचे पाहुणे मात्र तिथे रमतात, कारण बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती आहे. बर्लिनपर्यंत येऊन सगळ्यांचे फोटो सांचीसमोर!

शिवाय इथल्यांकडे राजवाड्याची छायाचित्रं होती. रायगडावरच्या महालांचं लाकूडकाम १८१८ च्या तोफांनंतर जळून गेलं. ते 'जसंच्या तसं' म्हणजे कसं? ते दाखवणारं त्या काळातलं चित्र आहे कुठे? मग कुणा ठेकेदाराच्या डोळ्यासमोर एखाद्या मालिकेचा सेट असेल, तसं होईल. मला त्याचीच धास्ती वाटते.

मी पाहुण्यांना नेते ती राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर. नोंदणी आधी करावी लागते, प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख भरून. पासपोर्ट विसरलेल्या काकांना एकदा बाहेर उन्हात बसवून ठेवावं लागलं. घुमट नवा आहे, नॉर्मन फॉस्टर यांचा, १९९९ चा. (भाचा हेच म्हणणार. अरे, पण तो जुन्याची नक्कल करत नाही.) काचेच्या पोटातून वळत वळत चढायचं, मधोमध आरशांचा शंकू, आणि वर आभाळाला उघडं भोक. काकू म्हणाल्या, 'पाऊस आत येत नाही?' येतो.

पण मला आवडतात ती आतल्या भिंतीवरची अक्षरं. १९४५ मध्ये शहर जिंकलेल्या सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने आणि रंगीत खडूने आपापली नावं, गावांची नावं खरडली होती. नूतनीकरणात ती पुन्हा सापडली. शिव्या पुसल्या आणि बरीचशी नावं तशीच राहू दिली. स्वतःच्या संसदेत, शत्रूचा हात. आपल्याकडे गडावर कुणी 'सचिन + पूजा' लिहिलं की आपण म्हणतो, युरोपात असं खपवून घेणार नाहीत. तुलना बरोबर नाही, मलाही कळतं. पण भाच्याने कुठे बरोबर केली होती?

दर्शनी बाजूला मोठी अक्षरं आहेत, 'डेम डॉइचेन फोल्के', जर्मन राष्ट्राच्या लोकांना अर्पण. इमारत १८९४ ची, अक्षरं लागली १९१६ ला, फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ओतलेली. आत एका चौकात हान्स हाके या कलावंताने २००० साली दुसरी अक्षरं मांडली, 'डेर बेफोल्करुंग', म्हणजे इथे राहणाऱ्या सगळ्यांना. संसदेत त्यावर भांडण झालं आणि ही कलाकृती २६० विरुद्ध २५८ मतांनी कशीबशी तरली. खासदार आपापल्या मतदारसंघातली माती आणून त्या अक्षरांभोवती टाकतात. तिच्यात जे उगवेल ते उगवू देतात, कापत नाहीत. गच्चीवरून खाली वाकून बघितलं की दिसतं सगळं, पुरुषभर गवत.

चौदा वर्षं झाली इथे. मी त्या दुसऱ्या पाटीतली, दोन मतांनी वाचलेली. नागरिकत्वाचा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये पडलाय. जर्मनीची आता दोन पासपोर्टांना हरकत नाही, भारताची आहे. निळं पुस्तक परत करायचं आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घ्यायचं. त्याच्या सवलतींच्या यादीत एक ओळ आहे, ऐतिहासिक स्थळांचं तिकीट भारतीय नागरिकांच्या दराने. ती वाचून मी अर्ज परत ड्रॉवरमध्ये ठेवला. महाडची मुलगी मी. पाचाडहून गड चढताना बाबा जगदीश्वराची पायरी दाखवायचे, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी'. गड बांधणाऱ्याने स्वतःसाठी मागितली ती एक पायरी. मला सवलत कसली देता?

हे सगळं, ड्रॉवर सोडून, मी भाच्याला लिहून पाठवलं. राजवाडा बांधू नका, चौथऱ्यांवर उभं राहिलं की आपोआप दिसतो, असंही लिहिलं. तासाभराने उत्तर आलं.

'मावशी, मी आठ वर्षांचा असताना तू मला त्या चौथऱ्यांवर नेलं होतंस. तू हात करून दाखवत होतीस, इथे राणीवसा, इथे सदर. मी हो हो म्हणत होतो. मला काहीच दिसलं नव्हतं.'

यावर अजून काही लिहिलेलं नाही. तो मे महिन्यात येतोय. घुमटाची नोंदणी केलीय, दोघांची. त्याची जन्मतारीख मला तोंडपाठ आहे.